पारोसं यायचं

रविवारी सकाळी दाढीचा फेस अर्ध्या गालावर असताना बेसिनच्या काठावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि मी ओल्या बोटानं ते चित्र उघडलं. साखर कारखान्याचं बोधचिन्ह, खाली दोन गुलाबी हात, हातांवर फेस. 'आपले हात, आपले आरोग्य. ऊसतोड भगिनींसाठी हात धुण्याचे प्रशिक्षण व साबणवाटप.' ठिकाण आमच्याच वस्तीतलं बुद्धविहार, वेळ आज दुपारी तीन. सगळ्यात खाली, पत्रिकेत जिथं 'आपले विनीत' असतं तिथं, बारीक अक्षरांत छापलं होतं: 'आधार: डॉ. शहादेव यांचा त्वचा-संशोधन अहवाल.' पाठवणाऱ्या सहकाऱ्यानं सोबत टाळ्या वाजवणारे हातही टाकले होते. मी आरशात पाहिलं. अर्धा गाल पांढरा, अर्धा माझा. नळ चालूच होता, आठ दिवसांनी आलेलं पाणी भसाभसा चाललं होतं, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पाणी! टँकर काय तुमच्या सासऱ्यानं पाठवलाय का?" मी नळ बंद केला. लाज वाटली, पण पाण्याची नव्हे. ही लाज जुनी होती, दोन वर्षांपासून मुक्कामाला आलेली; मी तिला मागच्या खोलीत बसवून ठेवली होती आणि पाहुणे आले की दार लावून घेत होतो. आज ती माझं नाव छापून घेऊन पुढच्या दारानं आली. उरलेला गाल मी कसा खरवडला ते आठवत नाही. दोन ठिकाणी कापलं एवढं खरं.

मी बीडच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवतो. माझी पीएच.डी. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरावर आहे. हा थर हातावर वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शाइतका जाड असेल-नसेल, पण माणूस वाळून जात नाही तो त्याच्यामुळं. मेलेल्या, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्या मधल्या फटींत चरबी. ही चरबी लोणी माखल्यासारखी कशीही माखलेली नसते. तिचे पदर असतात, एकावर एक, ठरावीक अंतरानं, इतके नेमके की यंत्राखाली पाहताना मला पहिल्यांदा नमस्कार करावासा वाटला होता. तीन जातींची चरबी: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी फॅटी ॲसिड. तिन्ही साधारण सारख्या मापात लागतात. एकीचं माप चुकलं की बाकीच्या दोघींची रांग मोडते आणि आतलं पाणी बाहेर उडून जायला लागतं. वर्गात मी 'जाती' असंच म्हणतो. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसतं, मीही हसतो. एकदा मायला हे समजावून सांगत होतो, हातवारे करून, भिंत, विटा, चिखल असं काय काय. ती ज्वारी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आतून सारवलेलं हाय म्हन की." चार वर्षं मी जे इंग्रजीत लिहीत होतो ते तिनं एका शब्दात आटपलं, आणि मला कौतुक वाटायच्या ऐवजी जरासा रागच आला. तो का आला हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आष्टीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. पाऊस त्या वर्षीही गणपतीआधीच पाठ फिरवून गेला होता, कपाशी गुडघ्याला लागत नव्हती, आणि प्रत्येक फाट्यावर निळ्या-काळ्या टाक्यांच्या रांगा टँकरची वाट बघत होत्या. पंधरा दिवसांनी टोळ्या ऊस तोडायला निघणार. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. वडील गेले त्या वर्षी माय अर्धा कोयता झाली आणि त्या अर्ध्या कोयत्यानं तिनं मला बी.फार्म. केलं. हे वाक्य मी सत्काराच्या भाषणात वापरतो. लोक टाळ्या देतात. जे वापरत नाही ते हे, की शाळेच्या दिवसांत माय मला रोज पहाटे दगडानं घासायची. नदीतला खरबरीत काळा दगड होता, आणि धुण्याचा सोडा. कोपरं, मान, कानामागं, गुडघे. मी रडायचो. ती दात-ओठ खाऊन घासायची आणि एकच म्हणायची, "आपल्याला बघून कुनी नाक मुरडायचं न्हाई. कुनीच न्हाई." आजोबांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातली जुनी कामं टाकली, जुने देव टाकले, आणि एक नवा नियम घरात आणला: पारोसं कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुष्काळात प्यायला पाणी नसलं तरी तांब्याभर पाण्यात अंग पुसूनच बाहेर पडायचं. माझ्या कोपरांना भेगा पडायच्या, त्यातून रक्त यायचं, सोडा लागला की आग व्हायची. आता मला माहीत आहे की ती रोज पहाटे माझ्या अंगावरचं सारवण खरवडून काढत होती. पण माझ्याकडं बघून कुणी नाक मुरडलं नाही, हेही खरं. दोन्ही खरं आहे, आणि या दोन्हींचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही.

दोन हजार सोळाचा मे महिना. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या हातांना भेगा पडतात, पाल्यानं चिरा जातात, त्यावर कारखान्याला एक मलम काढायचं होतं. त्यासाठी आधी कातडीची तपासणी, आणि ती माझ्याकडं आली. बायका कुठल्या घ्यायच्या? मीच सरांना म्हणालो, आमच्या वस्तीत मिळतील. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. 'आमच्या' वस्तीत असं मी म्हणालो नव्हतो; 'एका' वस्तीत म्हणालो होतो. तपासणी सोपी असते. हाताच्या वरच्या बाजूला चिकटपट्टी लावायची, दाबायची, ओढून काढायची. त्याच जागी दुसरी, तिसरी, अशा वीस. प्रत्येक पट्टीवर कातडीचा एकेक पदर येतो आणि त्यातली चरबी कशी रचली आहे ते यंत्र सांगतं. अट एकच, कातडीवर वरून काही नको. म्हणून सूचनापत्र काढलं, मराठी मीच केलं, आणि त्या मराठीचा मला अभिमान होता: 'चाचणीपूर्वी तीन दिवस हातांस साबण अथवा तेल लावू नये. चाचणीच्या दिवशी स्नान करू नये.' हा कागद मी मुकादमाकडं, आसारामकडं, पाठवून दिला. स्वतः गेलो नाही. ऊन फार होतं. आसारामनं विहारासमोर उभं राहून तो वाचला, आणि बायकांच्या तोंडाकडं बघून त्याला वाटलं की यांना काही कळलेलं नाही. मग त्यानं त्याचा सरळ अर्थ सांगितला: "समद्या बायांनी पारोसं यायचं. साहेबाचा हुकूम हाय."

ठरल्या दिवशी सरांच्या गाडीतून उतरलो तर विहाराच्या ओट्यावर बारा बायका ओळीनं बसलेल्या. धुवट पांढरी लुगडी, विंचरलेले केस, आणि लाल साबणाचा असा घमघमाट की सरांनी गंमतीनं विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?" हात कोपरापर्यंत लालबुंद घासलेले. चौथ्या जागी माय बसली होती. तिनं माझ्याकडं बघून ओळख दाखवली नाही, आणि ती माझ्यासाठी हे करते आहे हे कळूनही मी तिला ते करू दिलं. महिनाभराची तयारी, भाड्यानं आणलेलं, कातडीतून उडणारी वाफ मोजायचं यंत्र, शेजारी सर. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. शुद्ध मराठीत ओरडलो, हे मला अजून ऐकू येतं. "स्पष्ट सांगितलं होतं ना, अंघोळ करून यायचं नाही? इतकी साधी सूचना पाळता येत नाही तुम्हाला?" बायका खाली बघायला लागल्या. चतुरामावशी तेवढी बघत राहिली. आमच्या घराला घर लागून तिचं घर, माझी नाळ तिनं कापलेली. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर येनार म्हनून न्हाऊन आलो साहेब. त्यात काय गुन्हा झाला?" साहेब म्हणाली. टँकर पाच दिवसांवर होता. मी हातमोजे चढवले आणि पट्ट्या लावायला सुरुवात केली, कारण गाडी परत रिकामी नेता येत नव्हती. मायच्या हाताला पट्टी लावली, दाबली, ओढली. वीस वेळा. तिची कातडी पट्टीबरोबर वर यायची आणि सुटायची. तिनं मला एवढंच विचारलं, अगदी हळू, "दुखतंय का तुला काही? घाम आलाय." मी मान हलवली. पुढची बाई घेतली.

प्रयोगशाळेत त्या बाराही नमुन्यांच्या आलेखांत एक उंचवटा आला, जिथं यायला नको तिथं. कातडीची चरबी तिथं बोलत नाही. सरांनी आलेख पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मळ आहे हो. थरावर थर बसलेला. या लोकांचं असंच असतं, काय करणार?" 'या लोकांचं' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, किंवा बघितलं आणि मी त्यांच्या हिशेबी त्या लोकांत नव्हतोच; पहिल्यापेक्षा हे दुसरं मला अधिक लागतं. अहवालात त्यांनी वाक्य घातलं: 'वैयक्तिक अस्वच्छतेमुळे बारा नमुने बाद. सदर समूहास हस्तस्वच्छतेच्या प्रशिक्षणाची निकड.' दुसऱ्या गावच्या बायकांचे नमुने घेऊन काम पुढं गेलं, मलम झालं, माझा प्रबंध झाला. पण अहवाल बांधायला जाण्याआधी आठ दिवस, एका दुपारी, मला तो उंचवटा स्वस्थ बसू देईना. वस्तीतल्या बोअरचं पाणी, टँकर नसला की प्यायलाही तेच, मी कॅनमधून आणवलं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, इतकं ते जड. तोच लाल साबण आणला. माझा डावा हात तीनदा धुतला, खसाखसा, मायच्या पद्धतीनं. साबण फेसला नाही. जड पाण्यात त्याचा चुन्यासारखा साका होतो आणि तो साका कातडीला धरून बसतो, त्याच पाण्यानं धुवाल तेवढा आणखी बसतो. पट्टी लावली, ओढली, यंत्राखाली धरली. तोच उंचवटा. तो मळ नव्हता, ती अंघोळ होती. बारा बायकांनी पिण्याचं पाणी काढून केलेली अंघोळ मी यंत्राखाली मळ म्हणून मोजली होती. आणि मग मी काय केलं? हात टॉवेलला पुसला. आलेखाचा कागद चार घड्या करून खिशात घातला. पुढच्या सोमवारी अहवालाच्या शेवटच्या पानावर, सरांच्या सहीखाली, सही केली. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. एवढंच कारण होतं. दुसरं मोठं, सांगण्यासारखं कारण असतं तर बरं झालं असतं.

फाट्यापासून जीपनं वस्तीवर पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. विहारात सतरंज्या टाकलेल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार, आणि मधोमध टेबलावर घमेलं, दोन घागरी पाणी, साबणाच्या वड्यांचं खोकं. कारखान्याकडून आलेली एक तरुण ताई, स्वच्छ, उत्साही, हात धुण्याचे सहा टप्पे करून दाखवत होती. "आधी तळवे, मग बोटांच्या मधे, मग नखं. आता तुमच्यापैकी कोण करून दाखवणार?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला पाहून ताई लगबगीनं पुढं आली, "सर, तुम्ही स्वतः आलात! यांना सांगा ना, तुमच्या अहवालामुळंच…" मी तिला हातानं थांबवलं आणि मायजवळ जाऊन सतरंजीवर बसलो. तिनं माझ्या गालावरची जखम पाहिली, पदराच्या टोकानं पुसली, आणि पुढं बघत, ओठ न हलवता बोलावं तशी बोलली.

"तू कावून आलास?"

"माय, तो कागद…"

"मुकादमानं कारखान्यावरनं आनल्याला, चतुराबाईच्या नातीनं वाचून दावला कवाच. दिवाळीला वरीस व्हईल. खालची सही मी वळखली, तुझ्या नोकरीच्या कागदावर बघितल्याली." तिनं सतरंजीचा एक दोरा ओढून तोडला. "समद्यांला सांगितलंय, ती दुसऱ्याच शादेवची हाय म्हनून. गप बस."

वर्षभर. दर महिन्याला मी येत होतो, जेवत होतो, ती भाकरीवर तूप वाढत होती आणि विचारत होती, कालेजात सगळं ठीक ना. मला वाटायचं तिला माहीत नाही, म्हणून मी गप्प आहे. ती गप्प होती कारण तिला माहीत होतं. समोर ताई घमेल्यात पाणी ओतत होती, आणि चतुरामावशीचा हात धरून तिला पुढं नेत होती, "या मावशी, लाजू नका." सत्तरीच्या चतुरामावशीनं, वस्तीतल्या निम्म्या लेकरांना पहिली अंघोळ घातलेल्या बाईनं, दोन्ही हात पुढं केले, शाळेतल्या पोरीसारखे. मी उभा राहिलो. मायनं माझी पँट घोट्याजवळ धरली. मी म्हणालो, "ताई, थांबा. हात धुवायला ह्यांना शिकवू नका." पुढचं शुद्ध मराठीत येईना. "ती सही माझीच हाय, मावशे. दुसऱ्या कुनाची न्हाई. मला म्हाईत असून केली."

मायनं घोटा सोडला. मला वाटलं होतं शिव्या बसतील, आणि खरं सांगायचं तर त्या बसाव्यात असं वाटत होतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. चतुरामावशीनं ओले हात लुगड्याला पुसले. "आमाला काय म्हाईत नव्हतं व्हय? तुझी माय सांगत व्हती, आमी ऐकत व्हतो. तिला बरं वाटावं म्हनून." ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली, माझ्या छातीइतकी. "आता येवढंच सांग. आमी घान व्हतो का न्हवतो?"

"न्हवता."

"कशावरनं?"

"त्यो साबन व्हता, मावशे. साबन आन् बोअरचं पानी. लई धुतलं म्हनून यंत्रात दिसलं. पारोशा आल्या असत्या तर दिसलंच नसतं."

मागून कुणीतरी हसलं, आणि एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला. ताई घमेल्याजवळ तशीच उभी होती, एका हातात साबण. "मंग त्येच लिहून दे," चतुरामावशी म्हणाली. "बोलल्यालं वाऱ्यावर जातंय. कागदावर घान लिवलंस, आता कागदावरच न्हवतो म्हनून लिही. आन् खाली तीच सही कर."

ते लिहिणं म्हणजे अहवाल खोटा, अहवालावर उभा असलेला प्रबंध खोटा, त्या प्रबंधावर लागलेली नोकरी कुणाच्याही एका अर्जानं जाणारी. हे मला कळत होतं, आणि मायलाही कळत असावं, कारण ती उठली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता विहाराची नोंदवही आणि पेन माझ्यापुढं ठेवून पुन्हा जागेवर जाऊन बसली. मी सतरंजीवर मांडी घातली आणि लिहिलं. तारीख लिहिली. 'मे २०१६ मध्ये तपासलेल्या बारा जणींचे हात स्वच्छ होते. त्यांना अस्वच्छ ठरवणारे वाक्य चुकीचे आहे, हे मला सही करण्यापूर्वी माहीत होते.' मग लक्षात आलं, नावं पाहिजेत. अहवालात नावं नव्हती, क्रमांक होते. मी एकेकीला विचारून लिहीत गेलो, ज्यांच्या ओसरीवर वाढलो त्यांना, 'पूर्ण नाव काय' म्हणून. चतुराबाई. मुक्ताबाई. जानकीबाई. चौथ्या ओळीवर मायचं नाव मी तिला न विचारता लिहिलं, सिंधुबाई, आणि अक्षर वाकडं आलं. नावं अकरा झाली. मी ओट्यावरची ती ओळ डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. शेवटाकडं कोण बसलं होतं? आठवत होता फक्त क्रमांक नऊ, उजवा हात, मनगटाजवळ डाग.

"एक ऱ्हायली," मी म्हणालो. "नववी कोन?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माय म्हणाली, "साखराबाई."

"बोलवा की तिला."

"ती गेली शादेव. मागच्या हंगामात, तिकडंच, फडात. ताप आला व्हता. तुला सांगितलं व्हतं मी फोनवर. तू हं म्हनलातास."

पेन हातात तसंच राहिलं. मला खरंच आठवत नव्हतं. मी वहीकडं बघत बसलो, आणि वरून चतुरामावशीचा आवाज आला, रागाचा नव्हता, घाई असल्यासारखा.

"थांबलास कावून? तिचं बी नाव लिही. ती तर त्या दिशी दोनदा न्हालती."